शिवारावरून उडणारे यंत्र आणि त्याचा दाखला

श्रावण सरता सरता कपाशीला पात्या-फुले लागली, की बीड जिल्ह्याच्या गेवराई आणि माजलगाव तालुक्यांतील गोदाकाठच्या काळ्या रानांत पाठीवर पंप, तोंडावर गुंडाळलेला रुमाल आणि अंगभर औषधाचा तुषार घेत ओळीमागून ओळ चालणारा मजूर हे दृश्य इतके नित्याचे असे, की त्यातील संकट कोणाच्या ध्यानी येत नसे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा कोठे ते साऱ्या महाराष्ट्राला कळून चुकले. आता त्याच रानांत बांधावर उभे राहून, हातातील नियंत्रकाच्या पडद्यावर नजर ठेवून, पिकाच्या शेंड्यांपासून दोन-तीन मीटर उंचीवरून औषध शिंपडत जाणारे ड्रोन चालविणारी माणसे दिसू लागली आहेत, आणि केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेमुळे त्यांत बचत गटांतील स्त्रियांचाही समावेश होऊ लागला आहे. दहा लिटरची टाकी आणि सात-आठ मिनिटांत एकरभर फवारणी, हा या यंत्राचा सर्वसाधारण हिशेब. माणसाच्या फुप्फुसात जाणारे विष ज्या यंत्रामुळे टळते, त्या यंत्राचे स्वागत मनात कसलाही किंतु न ठेवता करावयास हवे.

परंतु हे यंत्र आपल्या कुळातील धाकटे भावंड आहे. भारतीय नियमांनी ड्रोनचे वजनानुसार पाच वर्ग पाडले आहेत: २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम आणि त्याहून जड ते लार्ज. हे वजन रिकाम्या यंत्राचे नव्हे. टाकी, औषध, बॅटरी आणि जो काही बोजा त्याने उचलला असेल तो सारा जमेस धरून ते मोजतात, आणि म्हणूनच शेतीच्या पुष्कळशा ड्रोनची रचना भरल्या टाकीसह पंचवीस किलोंच्या आत राहील अशा बेताने केलेली असते. असे यंत्र तीन मीटरवरून खाली आले, तर जमिनीवर आपटताना त्याच्या अंगी सुमारे ७३५ ज्यूल ऊर्जा असते; फार तर कपाशीची चार झाडे मोडतील आणि यंत्राची दोन पाती तुटतील. पण पाचशे किलोंचे यंत्र १२० मीटरवरून कोसळले, तर हवेचा विरोध वजा न धरता ती ऊर्जा ५ लाख ८८ हजार ज्यूलांच्या घरात, म्हणजे पहिल्याच्या आठशेपट जाते, आणि एवढ्या ऊर्जेपुढे पत्र्याचे छप्पर, बैलाचा गोठा किंवा वेचणी करणारी बाई यांपैकी कशाचाही निभाव लागणे शक्य नाही. यंत्र उडविणारा त्या यंत्रात बसलेला नसतो. धोका सर्वस्वी खालच्याचा असतो. वैमानिक स्वतः विमानात असतो, तेव्हा त्याचा जीव हाच खालच्यांना एक प्रकारचा जामीन असतो. चालकरहित यंत्राच्या बाबतीत तो जामीन नाहीसा झालेला असतो, आणि त्याच्या जागी राज्यसंस्थेने दिलेला दाखला उभा राहावा, अशी अपेक्षा असते.

हा विचार नवा नाही. दुसरे महायुद्ध चालू असतानाच ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीचा जो करार झाला, त्याच्या आठव्या कलमात चालकाविना उडू शकणाऱ्या विमानाने दुसऱ्या राष्ट्राच्या प्रदेशावरून त्या राष्ट्राची खास परवानगी घेतल्याशिवाय उडता कामा नये, असे स्पष्ट म्हटले आहे. आणि एकतिसाव्या कलमाने आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या प्रत्येक विमानाजवळ ज्या देशात त्याची नोंदणी झाली त्या देशाने दिलेला उड्डाणयोग्यतेचा दाखला असणे बंधनकारक केले. आपल्याकडे १९३४ च्या विमान कायद्याखाली झालेल्या १९३७ च्या नियमांनी हीच शिस्त रूढ केली, आणि तिच्यात दोन निरनिराळ्या पायऱ्या आहेत हे लक्षात घेण्याजोगे आहे. पहिल्या पायरीवर विमानाच्या नमुन्याची परीक्षा होते: आराखडा, सांगाडा, इंजिन, नियंत्रणाची साधने ही सर्व कसोटीस उतरली, की त्या नमुन्याला प्रमाणपत्र मिळते. दुसऱ्या पायरीवर त्या नमुन्यावरहुकूम बांधलेल्या प्रत्येक विमानाला स्वतःचा स्वतंत्र दाखला घ्यावा लागतो, आणि तो दाखला जिवंत राहावा म्हणून ठरावीक मुदतीने त्या विशिष्ट विमानाची पाहणी होत राहते. नमुना निर्दोष असला तरी विशिष्ट यंत्र सदोष असू शकते, आणि आज निर्दोष असलेले यंत्र दोन वर्षांच्या वापराने सदोष होऊ शकते, या साध्या अनुभवावर ही दुहेरी व्यवस्था उभी आहे.

बीड जिल्ह्याला ही व्यवस्था अपरिचित नाही. परळीच्या औष्णिक वीज केंद्रात आणि जिल्ह्यातील साखर कारखान्यांत जे बॉयलर आहेत, त्यांना १९२३ च्या बॉयलर कायद्याने हाच न्याय लावला होता. बॉयलर बांधणाऱ्याने आराखडा मंजूर करून घ्यावा, आणि तेवढ्यावर न थांबता वापरणाऱ्याने निरीक्षकाकडून त्याची पाहणी करवून सामान्यतः बारा महिन्यांहून अधिक नसलेल्या मुदतीचे प्रमाणपत्र घ्यावे, अशी ती रीत. गळीत हंगाम तोंडावर आला की कारखान्यात बॉयलरच्या तपासणीची जी धांदल उडते, ती पाहिलेल्या मनुष्याला वार्षिक तपासणी हा निव्वळ कागदी सोपस्कार नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता ड्रोनच्या बाबतीत काय घडले ते पाहू. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एका जाहीर सूचनेने नागरी ड्रोनांना सरसकट मनाई केली. डिसेंबर २०१८ पासून ती मनाई अटींसह सैल झाली. मार्च २०२१ मध्ये जे सविस्तर नियम आले, त्यांत नमुने, फॉर्म आणि फी यांचे इतके जंजाळ होते, की पंचवीस फॉर्म आणि बहात्तर प्रकारची शुल्के भरता भरता उद्योजक मेटाकुटीस आले. ही तक्रार रास्त होती. म्हणून अवघ्या पाच महिन्यांत, २५ ऑगस्ट २०२१ रोजी, ते नियम रद्द होऊन ‘ड्रोन नियम, २०२१’ अस्तित्वात आले. फॉर्म पाचावर आले, शुल्के चारांवर आली, आणि कित्येक मंजुऱ्या कायमच्या रद्द करण्यात आल्या. त्या रद्द झालेल्या मंजुऱ्यांच्या यादीत निर्मिती व उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र आहे, नमुन्याशी अनुरूपतेचे प्रमाणपत्र आहे, आणि देखभालीचे प्रमाणपत्रही आहे. उरली ती केवळ पहिली पायरी, म्हणजे नमुन्याचे प्रमाणपत्र, ज्याला सगळे टाइप सर्टिफिकेट म्हणतात: निर्मात्याने डिजिटल स्काय या शासकीय मंचावर अर्ज करावा, भारतीय गुणवत्ता परिषदेने अथवा तिने मान्य केलेल्या संस्थेने साठ दिवसांत चाचण्या करून अहवाल द्यावा, आणि महासंचालनालयाने पुढील पंधरा दिवसांत प्रमाणपत्र द्यावे. जून २०२२ मध्ये या नियमांखालील पहिले प्रमाणपत्र एका कृषी ड्रोनलाच मिळाले, हे योग्यच झाले.

फवारणीच्या यंत्रापुरता विचार केला, तर या सुलभीकरणाला हरकत घेण्याचे कारण मला दिसत नाही. पेच आहे तो निराळ्या जागी. ज्या नियमांनी उड्डाणयोग्यता आणि देखभाल यांचे दाखले रद्द केले, त्याच नियमांनी आपल्या अंमलाची वरची मर्यादा तीनशे किलोंवरून पाचशे किलोंवर नेली, आणि उद्या प्रवासी वाहणारे ड्रोनही या कक्षेत यावेत हा हेतू त्या वेळी सरकारने उघडपणे सांगितला. पाचशे किलोंच्या वर गेलेले यंत्र १९३७ च्या नियमांखाली, म्हणजे जुन्या दुहेरी शिस्तीखाली येते. त्याहून एक किलो कमी भरलेले यंत्र मात्र नमुन्याच्या एका प्रमाणपत्रावर, ओळख क्रमांकावर आणि चालकाच्या प्रमाणपत्रावर उडू शकते. शिवाय सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हवाई नकाशाप्रमाणे हिरव्या क्षेत्रात चारशे फुटांपर्यंत, पाचशे किलोंपर्यंतच्या कोणत्याही ड्रोनला त्या त्या उड्डाणासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. बीड जिल्ह्यात चालू विमानतळ नाही. महत्त्वाच्या प्रतिष्ठानांभोवतीचा निर्बंधित प्रदेश वगळला, तर इथले बहुतेक आकाश हिरवेच मानले जाणार. नकाशावरचा हा हिरवा रंग वरील हवा मोकळी आहे एवढेच सांगतो. तिच्या खाली कोण राहते, याविषयी तो काही सांगत नाही.

एखाद्या मोठ्या यंत्राचा नमुना उत्तम असूनही ते कसे कोसळते, याचे एक उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. २५ एप्रिल २००६ च्या पहाटे अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतात नोगालेस गावाजवळ सीमारक्षणाच्या कामावरील ‘प्रिडेटर बी’ हे साडेचार टनी वर्गाचे चालकरहित विमान पडले. दूर तळावरील नियंत्रणकक्षात दोन सारख्या चौक्या शेजारी शेजारी होत्या: एकीवरून वैमानिक विमान उडवीत असे आणि दुसरीवरून त्याचा साथीदार कॅमेरा चालवीत असे. दोन्ही चौक्यांवर तीच एक दांडी होती; पण वैमानिकाच्या चौकीवर ती इंजिनाच्या इंधनाशी जोडलेली, तर दुसरीवर कॅमेऱ्यात येणाऱ्या प्रकाशाचे नियमन करणारी. त्या रात्री वैमानिकाची चौकी एकाएकी गोठली. त्याने नियंत्रण शेजारच्या चौकीकडे वळविले; पण तसे करण्यापूर्वी दोन्ही दांड्या एकाच स्थितीत आणण्याची जी लेखी पद्धत होती, ती पाळली गेली नाही. कॅमेऱ्यासाठी मागे ओढून ठेवलेल्या दांडीचा अर्थ आता इंजिनाला ‘इंधन बंद’ असा लागला, आणि इंजिन निमूटपणे थांबले. वीज वाचविण्यासाठी विमानाने एकेक उपकरण आपोआप बंद केले, त्यात दळणवळणाचे साधनही गेले, आणि ते अंधारात उतरत विरळ वस्तीच्या डोंगराळ भागात आदळले. जीवितहानी झाली नाही. पण तपास करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला असे आढळले, की चौकी गोठण्याचे प्रकार पूर्वीही वारंवार घडले होते आणि त्यांचा समूळ बंदोबस्त कोणी केला नव्हता. मंडळाने बावीस शिफारशी केल्या.

या एका अपघातात उड्डाणयोग्यतेचे सारे शास्त्र सामावलेले आहे. पंख मोडला नव्हता, इंजिनात दोष नव्हता, आकाश निरभ्र की ढगाळ हाही प्रश्न नव्हता. दोष जमिनीवरच्या खोलीतील एका दांडीत होता. म्हणून मोठ्या ड्रोनला दाखला देताना केवळ उडणाऱ्या भागाची परीक्षा करून भागत नाही. नियंत्रणाची चौकी, तिच्यातील संगणकाचा कार्यक्रम, चौकी आणि यंत्र यांमधील बिनतारी दुवा, तो दुवा तुटल्यास यंत्राने आपण होऊन काय करावे याची योजना, बॅटरी तापल्यास किंवा मोटर बंद पडल्यास उरलेल्या शक्तीवर ते सुरक्षित उतरते की नाही, या सर्वांची मिळून एकच परीक्षा व्हावी लागते. आणि ती एकदा होऊन संपत नाही. गोठणाऱ्या चौकीची प्रत्येक नोंद कोणाच्या तरी वहीत होऊन तिच्यावर जबाबदार माणसाची सही पडावी लागते.

या परीक्षेची काठिण्यपातळी किती असावी, याचाही एक हिशेब जगाने बसविला आहे. प्रवासी विमानांत प्राणघातक बिघाडाची शक्यता उड्डाणाच्या शंभर कोटी तासांत एकाहून कमी असावी अशी कसोटी आहे. नाटो राष्ट्रांनी मोठ्या चालकरहित लष्करी विमानांसाठी जे मानक ठरविले, त्यात ही मर्यादा दहा लाख तासांत एक अशी आहे. ही कसोटी कागदावर लिहिणे सोपे आणि सिद्ध करणे फार खर्चाचे असते, याचा अनुभव जर्मनीने घेतला. अमेरिकी ‘ग्लोबल हॉक’वरून घडविलेले, जवळजवळ चाळीस मीटर पंखविस्ताराचे ‘युरो हॉक’ हे टेहळणी विमान २०११ मध्ये जर्मनीत पोहोचले. पण युरोपातील दाट वस्तीवरून आणि गजबजलेल्या आकाशातून उडण्याचा दाखला मिळविण्यास आवश्यक ती तांत्रिक कागदपत्रे पुरती हाती नव्हती, समोरून येणारे विमान ओळखून टाळण्याची यंत्रणा नव्हती, आणि या त्रुटी भरून काढण्यास आणखी पन्नास-साठ कोटी युरो लागतील असा अंदाज निघाला. तोवर पन्नास कोटींहून अधिक युरो खर्ची पडले होते. तरीही मे २०१३ मध्ये जर्मन सरकारने तो प्रकल्प सोडून दिला. सरकारी तिजोरीची ती मोठी हानी होती. परंतु आपल्या नागरिकांच्या डोक्यावरून न तपासलेले यंत्र उडविण्यापेक्षा ती हानी पत्करणे त्या सरकारने पसंत केले, याला मी शहाणपण म्हणतो.

भारतातही मोठी चालकरहित विमाने कोसळण्याचे प्रसंग घडले आहेत. संरक्षण संशोधन व विकास संघटनेचे ‘तापस’ हे विमान २० ऑगस्ट २०२३ रोजी चाचणीच्या उड्डाणात कर्नाटकातील चित्रदुर्ग जिल्ह्यात एका शेतात पडले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. चाचणी चालू असलेले यंत्र पडणे यात नवल नाही, चाचण्या त्यासाठीच असतात. पण ते पडले ते शेतातच, ही गोष्ट शेतकऱ्यांच्या जिल्ह्याने मनात नोंदवून ठेवावी अशी आहे.

बीडची भूमी वरून रिकामी दिसते, आणि ऋतुमानाप्रमाणे ते खोटे ठरते. उसतोडीला कोयते बाहेरगावी गेले की कित्येक वाड्या-तांड्यांत म्हातारीकोतारी माणसे तेवढी उरतात. कपाशीच्या वेचणीत तेच शिवार माणसांनी फुललेले असते. महाशिवरात्रीला परळीच्या वैजनाथापाशी आणि नवरात्रात अंबाजोगाईच्या योगेश्वरीपाशी अपार गर्दी लोटते. पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला अशा प्रसंगी जास्तीत जास्त ९६ तासांसाठी तात्पुरते निर्बंधित क्षेत्र जाहीर करता येते, ही नियमांतली तरतूद चांगली आहे. पण शेतातल्या गर्दीला कोणी यात्रा म्हणत नाही आणि तिच्यासाठी असा हुकूम निघत नाही. बालाघाटच्या पठारावर पाटोदा-केज भागात पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत, परळीहून निघालेल्या उच्चदाबाच्या वाहिन्या मैलोगणती पसरल्या आहेत. चारशे फुटांच्या खालून जाणाऱ्या जड यंत्राला हे सारे अडथळे ओळखता येतात की नाही, हाही उड्डाणयोग्यतेचाच प्रश्न आहे. युरोपीय संघाने म्हणूनच नुसत्या वजनावर भिस्त ठेवली नाही: कोणत्या प्रकारचे यंत्र, कशासाठी, कोणाच्या डोक्यावरून उडणार, हे पाहून तिथे जोखमीचा वर्ग ठरतो, आणि माणसे वाहून नेणारे, किंवा तीन मीटर वा त्याहून मोठे असून जमावावरून उडणारे यंत्र थेट विमानांच्या तोडीच्या प्रमाणन-वर्गात घालतात.

ओळख क्रमांक आणि उड्डाणयोग्यता यांची गल्लत होऊ नये, म्हणून एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. २०२४ च्या पावसाळ्यात बीडसह मराठवाड्यातील काही जिल्ह्यांत रात्री गावांवर ड्रोन घिरट्या घालीत असल्याच्या वार्तांनी लोक भयभीत झाले, गावोगाव रात्रीच्या गस्ती सुरू झाल्या. तेव्हा प्रश्न होता यंत्र कोणाचे हा, आणि त्याचे उत्तर नोंदणीने मिळू शकते. यंत्र सुस्थितीत आहे काय, हा वेगळा प्रश्न. त्याचे उत्तर नोंदणीचा क्रमांक देत नाही. मोटारीला नंबर असतो तसा व्यावसायिक वाहनाला तंदुरुस्तीचा स्वतंत्र दाखलाही असतो, आणि एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

मोठ्या ड्रोनांना मी विरोध करतो आहे, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या दुर्गम गावी लसीच्या ३०० मात्रा ड्रोनने काही मिनिटांत पोहोचल्या, हे महाराष्ट्रानेच पाहिले आहे. पुण्याच्या सागर डिफेन्स इंजिनिअरिंग या संस्थेने जुलै २०२२ मध्ये ‘वरुण’ हे माणूस वाहून नेऊ शकणारे ड्रोन देशापुढे आणले. १३० किलोंचा भार पंचवीस किलोमीटर नेण्याची त्याची क्षमता सांगण्यात आली. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथून धारूर-केजच्या एखाद्या आडगावी, पुराने ओढे अडलेल्या रात्री, रक्ताची पिशवी किंवा उद्या प्रत्यक्ष रुग्ण अशा यंत्राने हलविता आला, तर त्याहून मोठे पुण्यकर्म कोणते? परंतु त्या रात्री ज्या वस्तीवरून ते यंत्र जाईल, तिच्यातील माणसाची संमती कोणी विचारलेली नसते. त्याच्या वतीने ‘हे यंत्र पडणार नाही’ असे कोणी तरी अधिकाराने आणि सहीनिशी म्हटले पाहिजे, आणि ती सही यंत्र कारखान्यातून निघाले त्या दिवसाची नव्हे, तर चालू वर्षाची हवी.

सप्टेंबर २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने नागरी ड्रोनविषयक स्वतंत्र कायद्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविल्या. नमुन्याचे प्रमाणपत्र, ओळख क्रमांक आणि त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा यांवर त्या मसुद्याचा भर आहे, आणि हे तिन्ही हवेतच; पण नुकसानीनंतर मिळणारी भरपाई आणि नुकसान होऊच नये म्हणून केलेली तपासणी या एकमेकींच्या बदली चालणाऱ्या गोष्टी नव्हेत. पंचवीस किलोंपर्यंतच्या यंत्रांना आजची सवलत तशीच राहावी. दीडशे ते पाचशे किलोंच्या वर्गाला मात्र प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र दाखला, त्याचे दरसाल नूतनीकरण, नियंत्रणाच्या चौकीचा त्या दाखल्यात समावेश, आणि दुरुस्तीची वही ही बंधने पुन्हा लागू व्हावीत. मधल्या वर्गाचा निकाल कोणाच्या डोक्यावरून उड्डाण आहे, हे पाहून लावावा. यासाठी निरीक्षक लागतील, आणि ते दिल्लीहून येण्याची वाट पाहत बसणे परवडणारे नाही. ज्या जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, ज्याच्या कारखान्यांतील कामगारांना बॉयलरच्या वार्षिक तपासणीची सवय आहे, त्या जिल्ह्यात मोटर, बॅटरी आणि बिनतारी दुव्याची परीक्षा घेऊ शकणारी परवानाधारक माणसे तयार करणे अवघड नाही. शासनाने त्यासाठी एक अभ्यासक्रम आणि एक सनद ठरवून द्यावी, आणि यंत्राच्या कुशीवर ओळख क्रमांकाशेजारी चालू दाखल्याची मुदत अशा मोठ्या मराठी अक्षरांत रंगवावी, की ज्याच्या शेतात ते उतरेल त्याला ती जवळ न जाता वाचता येईल.